भाव तोच राहिला, गिऱ्हाईक आटलं: सांगलीतल्या दोन प्लॉटचं प्रकरण

(हे प्रकरण माझ्या कर-सल्ल्याच्या कामातलं आहे. ओळख पटू नये म्हणून कुटुंबाची नावं दिलेली नाहीत आणि रकमा व दर थोडे गोल केले आहेत.)

पार्श्वभूमी

दोघे भाऊ. थोरल्याचं सांगलीत पेठेत सॅनिटरी आणि पाइप-फिटिंगच्या सामानाचं दुकान, धाकटा पुण्यात नोकरीला. गावभागात वडिलांचं जुनं दुमजली घर. थोरला, वहिनी, मुलं आणि आई तिथं राहतात. वडील 2011 मध्ये गेले. दोन बहिणींची लग्नं झालेली, माहेरी येणंजाणं चांगलं.

2013 मध्ये सांगलीत प्लॉटचा बाजार तापलेला होता. साठेखत (विक्रीचा करार) करायचं आणि खरेदीखताच्या आधीच तिसऱ्याला फिरवायचं, असे सौदे रोज कानावर यायचे. धाकट्यानं पुण्यात बाणेर-वाकडचे दर कुठून कुठं गेले ते डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याच्या आग्रहानं दोघांनी कुपवाडच्या बाजूला एका मंजूर ले-आउटमध्ये शेजारशेजारचे दोन एन.ए. (बिगरशेती) प्लॉट घेतले. प्रत्येकी 2 गुंठे, म्हणजे 2,178 चौरस फूट. एक कोपऱ्याचा, दुसरा आतला. दर फुटाला 600. स्टँपड्युटी, नोंदणी आणि एजंटचं कमिशन धरून दोन्ही मिळून 28 लाखांना पडले.

त्यातले 16 लाख घरचे. उरलेले 12 लाख थोरल्यानं दुकानाचा गाळा तारण ठेवून पतसंस्थेकडून घेतले, 13 टक्क्यांनी, 10 वर्षांसाठी. हप्ता महिन्याला 18 हजारांच्या आसपास.

खरेदीच्या वेळी एक गोष्ट नकळत बरी झाली. मूळ मालकाकडं दोन्ही प्लॉटचे स्वतंत्र उतारे होते, म्हणून खरेदीखतंही दोन झाली. तेव्हा धाकटा कुरकुरला होता, "दोनदा कशाला खर्च, एकच दस्त करू की." या वेगळ्या उताऱ्यांचं आणि दस्तांचं महत्त्व सहा वर्षांनी कळलं.

अडचण कशी साचत गेली

पुढची अडीच वर्षं छान गेली. 2016 च्या सुरुवातीला एका डॉक्टरांनी दोन्ही प्लॉटना फुटाला 850 देऊ केले. थोरल्याचं मन होतं, धाकट्याचं नव्हतं. "दादा, हजार झाल्याशिवाय हात लावायचा नाही." डॉक्टरांनी दुसरीकडं घेतलं.

मग 8 नोव्हेंबर 2016 ची नोटबंदी आली. 1 मे 2017 पासून महारेरा (बांधकाम प्रकल्पांवरचं नियामक प्राधिकरण), जुलैत जीएसटी. सप्टेंबर 2018 मध्ये आयएल अँड एफएस ही बडी वित्तकंपनी बुडाल्यावर गृहवित्त कंपन्यांनी हात आखडते घेतले. मोठ्या शहरांत याचा परिणाम वर्तमानपत्रांत दिसला: रखडलेले प्रकल्प, न विकलेल्या सदनिका, हप्त्यांच्या सवलती. सांगलीसारख्या गावात वरवर काहीच दिसलं नाही. एजंटला विचारलं की तो 900 म्हणायचा. 2017 मध्येही 900, 2018 मध्येही 900.

नेमकी इथंच बहुतेकांची फसगत होते. जिल्ह्याच्या गावात मंदी दरपत्रकावर येत नाही. कुणाला कर्जाची घाई नसेल तर कुणी भाव पाडून विकत नाही, तो नुसता थांबतो. भाव तोच राहतो आणि सौदे बंद पडतात. 2018 च्या अखेरीस थोरला माझ्याकडं विवरणपत्राच्या कामाला आला होता, तेव्हा मी त्याला नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर त्या गट नंबरच्या सूची क्रमांक 2 (नोंदवलेल्या दस्तांचे गोषवारे) काढायला सांगितल्या. 2014 च्या नोंदींनी पडदा भरला. 2018 च्या बोटावर मोजण्याइतक्या निघाल्या, आणि त्यातली एक तर भावाभावांतली हक्कसोड (आपला वाटा सोडून दिल्याचा दस्त) होती. एजंटचा 900 हा आकडा मुळात कुठल्याच सौद्यावर उभा नव्हता.

त्या दोन वर्षांत एकच खरी बोली आली. कागदावर साडेचारशे आणि बाकी रोख, अशी. जून 2015 पासून स्थावराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत घेता येत नाही, घेतली तर तेवढाच दंड बसू शकतो. बोली तिथंच संपली.

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेला महापूर आला. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45 फूट. त्या वेळी पाणी 57 फुटांच्या पुढं गेलं. गावभागातल्या घराचा तळमजला पूर्ण पाण्यात. दुकानात पाइप टिकले, पण मोटारी, गीझर, नळांचे बॉक्स आणि हिशेबाच्या वह्या गेल्या. घर धुऊन काढल्यावरही भिंतींवर चिखलाची रेघ माणसाच्या डोक्याच्या वर दिसत होती, आणि वहिनींनी माळ्यावर नेलेल्या धान्याच्या पत्र्याच्या डब्यांखेरीज स्वयंपाकघरातलं काहीही वापरण्यासारखं उरलं नव्हतं.

दुकानात नव्यानं माल भरायला 8 ते 10 लाख हवे होते. पतसंस्थेचा हप्ता चालूच. मालमत्ता कागदावर 70 लाखांची, हातात दीड लाख.

समोरचे पर्याय

सप्टेंबर 2019 मध्ये आम्ही बसलो, तेव्हा चार वाटा होत्या.

गावभागातलं घर विकणं ही पहिली. ती दहा मिनिटांत बाद झाली. पुरानंतर दोन महिन्यांत नदीकाठच्या घराला गिऱ्हाईक येत नाही, आलंच तर अर्ध्या किमतीला मागतं. आणि गिऱ्हाईक आलं असतं तरी विकता आलं नसतं. सिटी सर्व्हेच्या प्रॉपर्टी कार्डावर अजून वडिलांचंच नाव होतं. वारसनोंद केलेली नव्हती. बहिणींची हक्कसोड तर दूरच, तो विषयही कुणी काढलेला नव्हता. त्याच कारणानं घर तारणही ठेवता येईना.

दुसरी वाट म्हणजे पतसंस्थेकडून वाढीव कर्ज. ते मिळालं असतं, पण व्याज 13 टक्के, आणि पूर ओसरल्यावर पहिले काही महिने दुकानाचा गल्ला किती येईल, याचा अंदाज कुणालाच नव्हता.

तिसरी धाकट्याची. त्याच्या मते बाजार तळाला होता, म्हणून विकायचं तर नाहीच, उलट पुराच्या भीतीनं लोक उंचावरच्या भागाकडं येणार तेव्हा तिथं अजून एक प्लॉट धरायचा. थोरला एवढंच म्हणाला, "तळ बघायला खिशात पैसा लागतो रे."

माझ्या मते बाजाराबद्दल धाकट्याचं वाचन बरोबर होतं. पुरानंतर मागणी विश्रामबाग, कुपवाड, मिरज रस्ता अशा पाणी न येणाऱ्या भागांकडं सरकणार, हे उघड होतं आणि तसंच झालं. पण बाजार वर जायला दोन वर्षं लागणार असतील आणि कुटुंबाचा दम सहा महिन्यांचा असेल, तर ते वाचन बरोबर असूनही उपयोगाचं नाही.

चौथी वाट: एक प्लॉट विकायचा, एक ठेवायचा. दोन्ही प्लॉटचे उतारे आणि दस्त वेगळे होते म्हणूनच ही वाट उघडी होती. एकाच उताऱ्याचा 4 गुंठ्यांचा तुकडा असता, तर पोटविभागणीची परवानगी, मोजणी आणि नवे उतारे यांतच वर्ष गेलं असतं.

निर्णय आणि कृती

कोणता प्लॉट विकायचा, यावर दोन बैठका झाल्या. मंद बाजारात चांगला माल आधी जातो. कोपऱ्याचा प्लॉट दिवाळीपर्यंत गेला असता, आतल्याला वेळ लागणार होता. थोरल्याला कोपऱ्याचा विकून मोकळं व्हायचं होतं. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, पुढं आपल्याला घर बांधायचं झालं तर आतल्या प्लॉटवर बांधायचं का?" शेवटी मुदत ठरवली: फेब्रुवारीअखेरपर्यंत आतला विकून बघायचा, नाही गेला तर कोपऱ्याचा काढायचा. तोवर माल भरायला वहिनींचं सोनं तारण ठेवून 3 लाख उचलले.

दर ठरवताना खरेदीची किंमत बाजूला ठेवायला सांगितलं. तेही सोपं गेलं नाही. दोघांच्या डोक्यात अजून 850 होते. रेडी रेकनर या सरकारी दरपत्रकाप्रमाणे त्या गटाचा दर 590 च्या आसपास होता, म्हणजे त्याच्या फार खाली सौदा झाला असता तर आयकराच्या कलम 50 सी प्रमाणे रेकनरची किंमतच विक्रीची किंमत धरली गेली असती. म्हणून किमान दर 600 ठरला.

पहिलं गिऱ्हाईक तासगावकडचे द्राक्ष बागायतदार. 680 ला बोलणं झालं, 50 हजार विसार धनादेशानं दिला. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या अवकाळी पावसानं बागा झोडपल्या आणि त्यांनी हात जोडले, "यंदा जमत नाही." थोरल्यानं विसार परत दिला. कायद्यानं ठेवून घेता आला असता, पण आपल्याकडं असा पैसा सहसा कुणी ठेवत नाही, आणि ठेवू नये असं मलाही वाटतं.

सांगलीच्या जमिनीच्या बाजाराला व्याजदर हलवतात त्याहून जास्त इथला पैसा हलवतो. उसाची बिलं, बेदाण्याचा भाव, हळदीचा सौदा, आणि खानापूर-आटपाडीकडच्या गलाई (सोनं-चांदी गाळण्याच्या) व्यावसायिकांची कमाई. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना कर्ज देते तो दर, 2019 मध्ये पाच वेळा खाली आला होता, पण प्लॉट घेणारा माणूस अनेकदा बँकेचं कर्ज घेतच नाही. तो बागेचं किंवा गलाईचं उत्पन्न लावतो. म्हणून इथलं चक्र पुण्याच्या चक्राशी जुळत नाही. कधी मागं असतं, कधी पुढं, कधी वेगळ्याच दिशेला.

अखेर गिऱ्हाईक मिळालं ते गलाईतलंच. दक्षिणेत सोन्या-चांदीचा व्यवसाय, मुलं कॉलेजसाठी सांगलीत ठेवायची, म्हणून उंचावर जागा हवी. आतला प्लॉट 640 नं गेला, 13 लाख 94 हजारांना. खरेदीखत फेब्रुवारी 2020 मध्ये झालं. महिन्याभरात टाळेबंदी लागली आणि दुय्यम निबंधक कार्यालयं बंद झाली. ही तारीख नशिबाची, त्याचं श्रेय कुणी घेऊ नये.

त्यातून पतसंस्थेचे उरलेले 5 लाख 80 हजार आणि सोन्यावरचे 3 लाख फेडले, उरलेले दुकानात गेले. धाकट्यानं आपला वाटा तेव्हा घेतला नाही. तसं लिहून दोघांनी सह्या केल्या.

करात एक गोष्ट मात्र नीट साधली. त्या प्लॉटची मूळ किंमत खर्चासह 14 लाख. त्या वेळी नफा काढताना मूळ किंमत आयकराच्या महागाई निर्देशांकाप्रमाणे वाढवून धरली जायची. हा निर्देशांक 2013-14 चा 220, 2019-20 चा 289. त्या हिशेबानं खर्च 18 लाख 39 हजार झाला आणि साडेचार लाखांच्या आसपास दीर्घ मुदतीचा भांडवली तोटा निघाला. हा तोटा पुढची 8 वर्षं दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यातून वजा करता येतो, पण त्या वर्षीचं विवरणपत्र मुदतीत भरलं असेल तरच. "तोटाच झालाय, मग रिटर्नची घाई कशाला?" हा प्रश्न थोरल्यानंही विचारला. विवरणपत्र वेळेत भरलं.

दुसरा निर्णय त्याच वर्षी आला. राज्य सरकारनं 1 सप्टेंबर ते 31 डिसेंबर 2020 या काळात मुद्रांक शुल्कात 3 टक्क्यांची कपात केली, पुढं जानेवारी ते मार्च 2021 मध्ये 2 टक्क्यांची. रेपो 4 टक्क्यांवर, गृहकर्ज 7 टक्क्यांच्या आसपास. थोरल्यानं आणि वहिनींनी विश्रामबागेत पूर्णत्वाचा दाखला मिळालेली दोन बेडरूमची सदनिका 38 लाखांना घेतली. दाखला असल्यानं जीएसटी नाही. मुद्रांकातली सूट 1 लाख 14 हजारांची. डिसेंबरमध्ये निबंधकाकडं गर्दी उसळली होती, पण मुद्रांक भरून दस्तावर सह्या झाल्या असतील तर नोंदणी पुढं चार महिन्यांत करता येते, म्हणून सह्या डिसेंबरात आणि नोंदणी जानेवारीत झाली. कर्ज 28 लाख, हप्ता 25 हजार. पतसंस्थेचे 18 हजार बंद झाले नसते तर हा हप्ता झेपलाच नसता.

कुटुंबाला हे सूट मिळाली म्हणून घेतलेलं घर वाटतं. मला तसं वाटत नाही. त्यांना पाणी न येणारं घर हवंच होतं, सवलतीनं फक्त महिना ठरवला. त्याच डिसेंबरात नुसत्या सवलतीच्या मोहानं दुसरी, तिसरी सदनिका घेणारेही माझ्याकडं आले होते. सांगलीत सदनिकेच्या भाड्यातून वर्षाला किमतीच्या अडीच-तीन टक्क्यांहून जास्त सुटत नाही. 3 टक्के वाचवून ते 7 टक्क्यांचं कर्ज डोक्यावर घेत होते.

पुढं काय झालं

जुलै 2021 मध्ये पाणी पुन्हा 50 फुटांच्या वर गेलं. गावभागातलं घर पुन्हा बुडालं, पण कुटुंब विश्रामबागेत होतं. दुकानातला माल या वेळी दोन दिवस आधी उचलला होता.

मे 2022 पासून रेपो वाढू लागला. फेब्रुवारी 2023 पर्यंत 4 चा साडेसहा झाला. बँकेनं हप्ता तोच ठेवला आणि मुदत वाढवली. थोरल्याला हे पत्र आल्यावर कळलं, तेव्हा 15 वर्षांचं कर्ज 20 च्या पलीकडं गेलेलं होतं. दुसरीकडं कुपवाडच्या बाजूला खरे सौदे होत होते. आम्ही पुन्हा सूची 2 काढल्या, या वेळी पडदा भरला.

जानेवारी 2023 मध्ये कोपऱ्याचा प्लॉट 1,050 नं विकला, 22 लाख 87 हजारांना. 2022-23 चा निर्देशांक 331. वाढीव खर्च 21 लाख 6 हजार, नफा 1 लाख 80 हजार, तो आधीच्या तोट्यातून वजा झाला आणि कर शून्य. धाकट्यानं आपला थांबलेला वाटा आधी उचलला, उरलेल्यातून थोरल्यानं गृहकर्ज कमी करून मुदत पुन्हा आटोक्यात आणली.

आज तिथं 1,300 मागतात. धाकटा अजून टोचतो, "दोन वर्षं थांबला असता तर..." मागतात आणि मिळतात यांतलं अंतर त्याला माहीत आहे, तरी टोचतो.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठा प्रश्न 2016 चा. 850 नाकारणं चूक होतं का? नोटबंदी कुणालाच दिसत नव्हती, त्यामुळं त्यावरून दोष देण्यात अर्थ नाही. पण एक हिशेब तेव्हाही करता आला असता. जवळपास निम्मा पैसा 13 टक्क्यांचा, बाकीचा असा की जो तेव्हा बँकेत 9 टक्क्यांच्या आसपास ठेवता आला असता. सरासरी 11 टक्के. म्हणजे 600 च्या प्लॉटला दर वर्षी फुटाला 66 रुपये नुसते जागेवर राहायला लागत होते. अडीच वर्षांत 765. म्हणजे 850 ला खरा नफा होता फुटाला 85 रुपये, आणि हजारची वाट पाहण्यात दर वर्षी त्यातले 66 जाणार होते. हा कागद समोर असता तर निदान एक प्लॉट तरी डॉक्टरांना गेला असता असं मला वाटतं. धाकट्याला वाटत नाही.

कोपऱ्याच्या प्लॉटचाही हिशेब मी नंतर मांडला. साडेनऊ वर्षांत, कर वजा जाता, मुदत ठेवीनं जवळपास तेवढंच दिलं असतं. आणि ठेव 2019 च्या ऑगस्टमध्ये एका दिवसात मोडता आली असती.

पतसंस्थेचं कर्ज ही दुसरी गोष्ट. उत्पन्न न देणाऱ्या मालमत्तेसाठी चालत्या दुकानाचा गाळा तारण टाकला. पुरात दुकान आणि हप्ता एकाच वेळी अंगावर आले. एकच प्लॉट, तोही कर्ज न काढता घेतला असता, तर पुरानंतर तो विकायची घाई झाली नसती.

वारसनोंद हा मुद्दा बाजाराच्या चक्राचा वाटत नाही, पण आहे. तेजीत कागद अपुरा असला तरी कुणीतरी घेतं. मंदीत फक्त स्वच्छ कागदाचा माल विकला जातो. 2011 नंतर लगेच वारसनोंद झाली असती, तर 2019 मध्ये घर निदान तारण तरी ठेवता आलं असतं, आणि सोनं मोडायची भीती वहिनींना वाटली नसती.

गावभागातलं घर अजून तसंच आहे. वारसनोंद 2022 मध्ये झाली. हक्कसोडीचा विषय थोरल्यानं मागच्या दिवाळीत काढला. एक बहीण तयार आहे, दुसरी म्हणते, "आई आहे तोवर राहू दे." वरच्या मजल्यावर एक भाडेकरू आहे, तळमजला दुकानाचं गोदाम. खाली फक्त पाइप ठेवतात, मोटारी नाहीत.